वाडीचा सर्व्हर: प्रकल्प नोंदी, मे ते ऑगस्ट २०२५

५ मे २०२५

पहिली भेट. नागपूरजवळ अमरावती रोडला वाडीत, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत, ट्रकांच्या गर्दीत गाडी लावायलाच वीस मिनिटं गेली. मालकांचं म्हणणं एका वाक्यात: "ताई, सगळं क्लाउडवर टाकून द्या, हा डबा एकदाचा फेकायचा आहे." डबा म्हणजे मागच्या खोलीतला विंडोज सर्व्हर २००३. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट १४ जुलै २०१५ ला बंद केला. इथे मात्र आजही सगळ्या बिल्ट्या (गाडीत भरलेल्या मालाच्या पावत्या) त्याच्याच जिवावर फाटतात.

त्यावर चालतं फॉक्सप्रो, म्हणजे जुनी डेटाबेस प्रणाली, तेही डॉसचं, २.६. काउंटरवर अकरा पीसी, सगळे ३२-बिट विंडोजचे. कारण उघड आहे: ६४-बिट विंडोज डॉसचे १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही. एखादा पीसी मेला की हे लोक सीताबर्डीत फिरून तसलाच जुना पीसी शोधून आणतात. रायपूर आणि अकोल्याच्या शाखा रोज संध्याकाळी एक्सेल पाठवतात आणि मुनीमकाका ते परत टाइप करतात. ई-वे बिलं, म्हणजे मालवाहतुकीसाठी लागणारी जीएसटीची ऑनलाइन बिलं, रात्री दोन पोरं सरकारी पोर्टलवर हातानं भरतात.

निघताना मुनीमकाका दारापर्यंत आले. "सिस्टीम बंद नका करू बरं का भाऊ. तिले काही झालं नाही आजवर." मी भाऊ नाही, पण त्यांच्या तोंडी सगळ्यांनाच भाऊ.

७ मे

मालकांशी तासभर बोलणं. "उचलून क्लाउडवर" का जमणार नाही, ते कागदावर चित्र काढून सांगितलं.

फॉक्सप्रोत सर्व्हर फक्त फायली सांभाळतो. प्रोग्राम चालतो काउंटरच्या पीसीवर. पोरानं बिल्टी नंबर टाकला की त्याचा पीसी नेटवर्कवरून इंडेक्सचा एक तुकडा मागवतो, तो वाचून दुसरा मागवतो, मग रेकॉर्ड, मग लॉक. एका स्क्रीनमागे अशा शेकडो फेऱ्या. ऑफिसच्या वायरमध्ये एका फेरीला मिलिसेकंदही लागत नाही, म्हणून ते सुसाट वाटतं. फायली मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये ठेवल्या की प्रत्येक फेरी नागपूर–मुंबई–नागपूर. एक बिल्टी उघडेपर्यंत चहा पिऊन होईल.

ठरलं ते असं. डबा जागच्या जागी राहील. शेजारी एक लहान लिनक्स मशीन बसेल, ते डब्यातलं वाचेल, आणि नवं जे काही (ई-वे, शाखा, रिपोर्ट) ते कंटेनरमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं). मालकांचा चेहरा थोडा उतरला. त्यांना नवं घर हवं होतं आणि मी जुन्या घराला पडवी काढून देते म्हणाले.

१२ मे

मानेवाड्याला मूळ प्रोग्रामर सरांकडे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी कपाटातून एक लांबट हिशेबाची वही काढली. प्रत्येक टेबलचं एक पान, प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत, शाईनं. डीबीएफमध्ये, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटा फायलीत, रकान्याचं नाव दहा अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही, त्यामुळे नावं सगळी गूढ: 'बीएलटीडीटी', 'केएनएमएमआर'. ती वही नसती तर महिना गेला असता. पानं फोटो काढून घेतली, दोनदा.

सर म्हणाले, "तारखेत शतक बंद ठेवलंय हं. स्क्रीनवर दोन आकडे दिसतील, फायलीत चार असतात. घाबरू नका."

१५ मे

आजचा अख्खा दिवस एका वाक्यानं खाल्ला. लिनक्स मशीनवरून डब्याचं शेअर, म्हणजे नेटवर्कवर खुलं ठेवलेलं फोल्डर, माउंट करायला (जोडून घ्यायला) गेलो की उत्तर येतं: "होस्ट इज डाउन". होस्ट समोर, हात लावता येईल इतका जवळ, पंखा घरघरतोय, काउंटरवर बिल्ट्या फाटताहेत. माझ्यासोबतचा ज्युनिअर तीनदा वायर काढून लावून बसला.

कारण कळल्यावर कपाळावर हात मारला. सर्व्हर २००३ एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवर फायली वाटून घ्यायच्या भाषेची, फक्त पहिली आवृत्ती बोलतो. लिनक्स कर्नल ४.१३ पासून ती आवृत्ती आपणहून वापरत नाही, आणि दोघांचं जमलं नाही की "भाषा कळत नाही" म्हणायच्या ऐवजी "समोरचा मेलाय" म्हणतो. आवृत्ती १.० असं स्पष्ट लिहिल्यावर एका सेकंदात जोडलं गेलं.

पण ही आवृत्ती उघड्यावर ठेवणं म्हणजे घराला कडी न लावता गावाला जाणं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते याच दारातून. म्हणून लिनक्स मशीनला दुसरं नेटवर्क कार्ड घातलं आणि त्या कार्डापासून डब्यापर्यंत थेट एक वायर. त्या वायरीवर तिसरं कुणी नाही. डब्याचं इंटरनेटही आज तोडलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

१९ मे

चालू फाइल कॉपी केली तर काय होतं ते पाहिलं. डीबीएफच्या सुरुवातीला, चौथ्या ते सातव्या बाइटमध्ये, एकूण रेकॉर्ड किती ते लिहिलेलं असतं. आमच्या कॉपीत तिथला आकडा प्रत्यक्ष रेकॉर्डपेक्षा दोननं कमी. म्हणजे डोकं आधी कॉपी झालं, मग कुणीतरी दोन बिल्ट्या फाडल्या, मग धड कॉपी झालं.

उपाय डब्यातच होता. सर्व्हर २००३ मध्ये शॅडो कॉपीची सोय आहे: एका क्षणाला अख्ख्या डिस्कचं चित्र गोठवायचं आणि त्या चित्रातून निवांत कॉपी करायची. दर पंधरा मिनिटांनी एक. एका व्हॉल्यूमवर अशा ६४ च प्रती राहतात, म्हणून जुन्या आपण स्वतः पुसत जायच्या. एखादी बिल्टी त्या क्षणी पोराच्या पीसीच्या मेमरीतच असेल तर ती पुढच्या फेरीत येईल. चालेल. प्रत्येक कॉपीवर हिशेब लावतो: डोक्याची लांबी, अधिक रेकॉर्ड गुणिले एका रेकॉर्डची लांबी. जुळलं नाही तर ती कॉपी फेकायची.

२६ मे

नवतपा सुरू. मागच्या खोलीतला एसी दुपारी दोनला बंद पडला. लिनक्स मशीनचा प्रोसेसर तापून आपोआप मंद झाला. डब्याला काहीही झालं नाही. मुनीमकाका काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहून मिशीत हसले.

२ जून

मे महिन्याच्या भाड्याची बेरीज पहिल्यांदा नव्या बाजूनं काढली. कागद मुनीमकाकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे जास्त आहे."

"काका, डेटा तुमच्याच सर्व्हरमधला आहे."

"असंल. पण जास्त आहे." मग बोट एका ओळीवर ठेवलं. "ही पार्टी, चंद्रपूरची. हिची गाडी आलीच नाही, बिल्टी कॅन्सल केली होती मी. तुमच्या कॉम्प्युटरनं मेलेले जिवंत करून ठेवले ना भाऊ!"

अगदी खरं. फॉक्सप्रोत रेकॉर्ड डिलीट केलं की ते फायलीतून जात नाही. रेकॉर्डच्या पहिल्या बाइटमध्ये रिकाम्या जागेऐवजी फुली, म्हणजे तारांकन, पडतं आणि प्रोग्राम ते रेकॉर्ड दाखवत नाही. 'पॅक' चालवेपर्यंत ते तिथंच पडून असतं, आणि इथे पॅक चालवायची हिंमत कुणी केलेली नाही. आमचा वाचणारा पायथन कोड पहिला बाइट गाळून पुढं जात होता. एक ओळ बदलली. बेरीज पैशापर्यंत जुळली.

पण मेलेल्या बिल्ट्या मी फेकल्या नाहीत. 'रद्द' असा शिक्का मारून नव्या डेटाबेसमध्ये ठेवल्यात. त्या कधी आणि कोणत्या पार्टीच्या रद्द होतात, हे मालकांना पाहायचं असेल एक दिवस.

९ जून

समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जूनला खुला झाला, त्यामुळे मालक खुशीत. ७०१ किलोमीटर, थेट भिवंडीच्या तोंडाशी. "आता आमची गाडी अंतरात नाही, तुमच्या ई-वेमध्ये अडकते," म्हणाले.

आज क्लाउडची बाजू. डेटाबेस आणि शाखांची स्क्रीन मुंबईत, बॅकअपची प्रत हैदराबादला. सगळं ओपनटोफूच्या (क्लाउडवर काय हवं ते लिहून दिलं की उभारून देणारं साधन) फायलींत लिहिलेलं, कन्सोलवर हातानं एकही बटण दाबायचं नाही असा नियम. ज्युनिअरनं एका फायलीत डेटाबेसचं नाव नीटनेटकं केलं, इतकंच. प्लॅन, म्हणजे काय काय बदलेल त्याची आधी मिळणारी यादी, चालवला तर शेवटी: एक नवं होणार, एक नष्ट होणार. त्याच्या दृष्टीनं नाव बदललं होतं, ओपनटोफूच्या दृष्टीनं जुना डेटाबेस नकोसा झाला होता. प्लॅन वाचायची सवय होती म्हणून वाचलो. 'मूव्ह्ड' ब्लॉक लिहून हे तेच आहे असं सांगितलं, आणि डेटाबेसवर नष्ट न करण्याचं कुलूप घातलं. ते पहिल्याच दिवशी घालायला हवं होतं.

कुबरनेटिस (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी प्रणाली) नको, हे आज कायमचं ठरवून टाकलं. ज्युनिअर हिरमुसला, त्याला शिकायचं होतं. पण आमचे कंटेनर एकूण पाच. कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला साधारण चौदा महिने सपोर्ट, म्हणजे वर्षातून एकदा तरी अख्खी प्रणाली नव्या आवृत्तीवर चढवायलाच हवी. आम्ही गेल्यावर वाडीत ते कोण करणार? मुकादम? वाडीतल्या मशीनवर डॉकर कंपोज (एकाच मशीनवरचे कंटेनर चालवणारं साधं साधन), मुंबईत तयार मिळणारी कंटेनर सेवा. बस.

१७ जून

आजचा दिवस एका अक्षराचा.

या कंपनीत एक छान पद्धत आहे. बिल्टी इंग्रजीत, पण गोडाऊनमधल्या हमालांसाठी वेगळी चिठ्ठी मराठीत. गावाचं नाव, नग, फाटक नंबर. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड (पीसीत बसवायचं भारतीय भाषांचं कार्ड) घालून ही सोय केली होती, आणि मजकूर साठवला गेला इस्कीमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक आकडा देणाऱ्या जुन्या भारतीय पद्धतीत. आजच्या युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच मांडणीवर बेतलेली, उच्चाराच्या क्रमानं. त्यामुळे बदलणं सोपं, असं मी सकाळी सगळ्यांना सांगितलं होतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर असता तर रडले असते. त्यात पहिली वेलांटी आधी आणि अक्षर मागून येतं.

दुपारी पहिली चिठ्ठी छापून मुकादमाच्या हाती दिली. तो वाचत राहिला, मग म्हणाला, "हे कोणतं गाव आहे मॅडम? बर्हाणपूर?"

बऱ्हाणपूर. 'ऱ्ह'चा 'र्ह' झाला होता, रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसला होता. इस्कीत २०७ म्हणजे साधा र आणि २०८ म्हणजे ऱ, ज्यातून वऱ्हाडातला तो अर्धा, आडवा र तयार होतो. ज्युनिअरनं कुठूनतरी उचललेल्या तक्त्यात दोन्ही आकडे साध्या र लाच जोडलेले. तक्ता करणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटले असणार. ज्याच्या भाषेत 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वऱ्हाडी' नाहीत त्याला तसं वाटणारच.

तक्ता दुरुस्त केला, आणि गावांच्या यादीतून ऱ असलेली सगळी नावं काढून एक चाचणी लिहिली. आता कुणी हा तक्ता बदलला आणि बऱ्हाणपूर बिघडलं, तर कंटेनर बांधलाच जाणार नाही.

मुकादमाला परत चिठ्ठी दाखवली. "आता बरोबर." आणि वर, "पण अक्षर बारीक आहे." ते मोठं केलं.

१८ जून

जुन्या बिल्ट्यांच्या फायली चाळताना एक गोष्ट दिसली. खालच्या कोपऱ्यात छापलेली 'ई-वे मुदत' पेनानं खोडून वर दुसरी तारीख लिहिलेली. एकीवर नाही, सगळ्यांवर. मुंबईच्या गाडीला छापलेले दिवस आठ, पेनानं लिहिलेले चार.

२०१८ मध्ये कुणीतरी प्रोग्राममध्ये शंभर किलोमीटरला एक दिवस असं बसवलं. तेव्हा ते बरोबर होतं. १ जानेवारी २०२१ पासून नियम दोनशे किलोमीटरला, किंवा त्याच्या भागाला, एक दिवस. प्रोग्राम बदलणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून चार वर्षं काउंटरवरची पोरं रोज प्रत्येक बिल्टी पेनानं दुरुस्त करून राहिली आहेत. कुणी तक्रारही केली नाही. विचारलं तर म्हणे, "सवय झाली आता."

२४ जून

अमरावती रोडला खोदकाम, फायबर तुटली. दुपारी एक ते सहा इंटरनेट नाही. आमच्यासाठी बरंच झालं. ई-वेच्या मागण्या लिनक्स मशीनवरच रांगेत जमत राहिल्या, लाइन आल्यावर गेल्या. अजून सगळं चाचणीच्या पोर्टलवर आहे, म्हणून जीव शांत.

पण तीन बिल्ट्यांच्या ई-वेची मागणी दोनदा गेली. लाइन तुटली त्याच क्षणी त्यांची मागणी पोचली होती, उत्तर मात्र परत आलं नाही. आमच्या कोडला वाटलं गेलीच नाही, त्यानं पुन्हा पाठवली. आता उत्तर आलं नाही तर आधी विचारायचं, या बिल्टी नंबरचं काही निघालंय का? नाही म्हटलं तरच पुन्हा पाठवायचं.

३ जुलै

रात्री दोनला सुटलेल्या गाड्यांच्या चिठ्ठीवर कालची तारीख. दिवसा सगळं बरोबर. मध्यरात्र ते साडेपाच एवढ्याच वेळातल्या गाड्या, आणि लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात त्याच वेळात. साडेपाच हा आकडा दिसला तेव्हाच उमजलं.

कंटेनरला वेळ आशिया/कोलकाता असं सांगितलं होतं. पण आम्ही कंटेनरसाठी पाया म्हणून घेतली अल्पाइन या छोट्या लिनक्सची इमेज, लहान म्हणून. तिच्यात जगातल्या वेळांचा तक्ताच नसतो, तो वेगळा बसवावा लागतो. नसला तर ती तक्रार न करता गुपचूप ग्रीनिचची वेळ धरते. वर ई-वेच्या मुदतीचा पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो, म्हणजे तारीख एकनं मागे गेली की मुदतही एकनं कमी. पॅकेज बसवलं. काही मेगाबाइट वाचवायला गेलो आणि तीन रात्री घालवल्या.

१० जुलै

ई-वे नंबर परत जुन्या सिस्टीममध्ये कसा लिहायचा? लिनक्सवरून डीबीएफमध्ये थेट लिहिणं मी पहिल्यापासून नाकारलं. इंडेक्सची फाइल वेगळी असते, ती मागे राहील आणि दोन दिवसांनी बिल्टी सापडेनाशी होईल. डब्यातलं फक्त डब्याच्या प्रोग्रामनं बदलावं.

सरांना फोन केला. रविवारी स्वतः आले, नातवाच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स (नव्या मशीनवर डॉस चालवणारा प्रोग्राम), त्यात फॉक्सप्रो. आम्ही शेअरवरच्या एका फोल्डरमध्ये साधी टेक्स्ट फाइल टाकायची: बिल्टी नंबर, बारा आकडी ई-वे नंबर. त्यांचा प्रोग्राम ती उचलेल, टिप्पणीच्या रकान्यात भरेल, फाइल पुसेल. तेवीस ओळी. ई-वे मुदतीतले शंभर किलोमीटरचे दोनशेही त्यांनीच केले, वहीत तारीख टाकून नोंद केली, खाली सही. पैशाचं विचारलं तर म्हणाले, "तर्री पोहे खाऊ घाला." घातले.

२१ जुलै

शाखांचे पीसी ॲन्सिबलनं, म्हणजे दुरूनच अनेक मशीन एकसारखी लावून देणाऱ्या साधनानं. अकोला दोन तासांत. रायपूरला एकाच नावाचे तीन पीसी निघाले, तिघांचंही नाव 'मालक'.

४ ऑगस्ट

दोन्ही बाजू समांतर चालू. रात्रीची पोरं अजूनही हातानं ई-वे भरतात, मशीन तेच चाचणीत भरतं, सकाळी दोन्ही याद्या ताडून पाहतो. आज फरक दोन, दोन्ही माणसांच्या टायपिंगचे. हे मी मोठ्यानं बोलले नाही.

२३ ऑगस्ट

काल पोळा, आज मारबत, म्हणजे रोगराई-पीडा गावाबाहेर घालवायची नागपूरची मिरवणूक. इतवारीकडं गर्दी, शहराला सुट्टी, गाड्या कमी, म्हणून हाच दिवस धरला. सकाळी साडेनऊला खरं पोर्टल जोडलं. पहिली ई-वे चंद्रपूरची. बिल्टी फाटल्यावर अठरा मिनिटांनी नंबर काउंटरच्या निळ्या स्क्रीनवर दिसला. पंधरा मिनिटं शॅडो कॉपीची वाट, बाकी प्रवास. पोरं स्क्रीनभोवती जमून पाहून राहिली होती. अठरा मिनिटं जास्त वाटतात त्यांना. शॅडो कॉपी पाच मिनिटांवर आणून पाहायची, डब्याला झेपलं तर.

दुपारी कुणीतरी डब्यावर खडूनं लिहिलं, "घेऊन जाय गे मारबत". मुनीमकाकांनी ओल्या फडक्यानं ते पुसलं, मग वरची धूळही पुसली.

२५ ऑगस्ट

रात्रीच्या दोन पोरांपैकी एकाला मालकांनी शाखांच्या स्क्रीनवर बसवलं, दुसरा गोडाऊनवर. दुसऱ्याला ते आवडलेलं नाही, त्याचं बोलणं मालकांपर्यंत पोचवायचं आहे.

डब्याला सुट्टा म्हणून त्याच जातीच्या दोन हार्ड डिस्क मिळाल्या, त्यातली एक चालते. रायपूरच्या डॉट मॅट्रिक्सला चौथी कार्बन प्रत पुसट येते. परवाच्या गाडीनं रिबन पाठवायची.